लाल चेहऱ्याचा मेल्बा झुडपात दिसत का नाही?

जुलै-ऑगस्ट आला की ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी केनियाला जाऊन येतं. मग व्हॉट्सॲपवर सिंह येतात, चित्ते येतात, नदीत उड्या घेणारे विल्डबीस्टचे कळप येतात. यंदा त्या गर्दीत मला एकाच प्रकारचे तीन फोटो आले, तेही तीन वेगवेगळ्या माणसांकडून. काटेरी झुडूप, त्यात खोल कुठेतरी लालसर ठिपका आणि खाली प्रश्न: "गाईड मेल्बा की काहीतरी म्हणाला. पुस्तकात एवढा रंगीत दाखवलाय, मग आम्हाला धड दिसला का नाही?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी ओळख

मेल्बा फिंच, म्हणजेच ग्रीन-विंग्ड पिटिलिया, हा आपल्या चिमणीपेक्षा लहान पक्षी. लांबी बारा-तेरा सेंटिमीटर आणि वजन साधारण १५ ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांची दोन नाणी तळहातावर ठेवावीत तेवढं. नराचं कपाळ आणि गळा लालभडक, डोक्याचा बाकी भाग राखाडी, छातीवर सोनेरी-पिवळसर झाक, पाठ आणि पंख शेवाळी हिरवे, पोटावर पांढऱ्या-काळपट आडव्या रेघा, चोच लाल, शेपूटही लाल. मादीच्या डोक्यावर लाल रंग नसतो, डोकं सगळं राखाडी.

फिंच म्हणजे जाडसर, शंकूसारख्या चोचीचा, बिया फोडून खाणारा छोटा पक्षी. काटेकोर बोलायचं तर मेल्बा खऱ्या फिंचांच्या कुळातला नाही, तो मुनियांच्या कुळातला आहे. आपल्या माळावर, उसाच्या बांधावर दिसणारी लाल मुनिया त्याची नात्यातली. हे नातं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आणि तिथून खाली केनिया, टांझानिया, बोत्सवाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिकेपर्यंत जिथे जिथे कोरडं, काटेरी झुडपी रान आहे, तिथे तो असतो. जीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा त्याचा मुलूख चीन असा नोंदवला होता. तेव्हा पक्षी जहाजांतून युरोपात पोचायचे आणि पत्ता वाटेत हरवायचा. ही चूक पुढे दुरुस्त झाली.

एवढा रंग, तरी दिसत का नाही?

मे महिन्याच्या दुपारी अंगणातून जुन्या वाड्याच्या माजघरात शिरलात तर काय होतं? क्षणभर काहीच दिसत नाही. कोपऱ्यातला पितळी हंडासुद्धा काळा वाटतो. हंड्याची चकाकी कुठे गेलेली नसते. आपला डोळा बाहेरच्या उजेडाला सरावलेला असतो, त्यामुळे आतला मंद उजेड त्याला अंधारच वाटतो.

सफारीच्या गाडीत बसलेला माणूस दिवसभर अंगणात असतो आणि मेल्बा दिवसभर माजघरात. तो झुडपाच्या बुंध्याशी, जमिनीवर, गवताच्या बिया आणि वाळवी टिपत असतो. भोवती पांढरी तापलेली माती, वर रणरणतं ऊन. आपला डोळा त्या चकाकीशी जुळवून घेतो आणि झुडपाखालचं सगळं एका काळपट पट्ट्यात जमा होतं. कॅमेऱ्याचंही तेच होतं, म्हणून तुमच्या फोटोत लाल ठिपक्यापलीकडे काही उतरत नाही.

मग पहाटे पाहावं, असं वाटेल. पण पहाटेची अडचण निराळी आहे. मंद उजेडात आपल्या डोळ्याला सगळ्यांत आधी लाल रंग दिसेनासा होतो. संध्याकाळी बागेत जास्वंद काळपट दिसू लागते, तिची पानं मात्र बराच वेळ दिसत राहतात, हे तुम्ही पाहिलं असेल. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे टिपलं, म्हणून याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. पुस्तकातल्या चित्रावरून आपण शोधत असतो लाल चेहरा, आणि नेमका तोच पहाटे सगळ्यांत उशिरा उजळतो.

शिवाय रंग लागलाय कुठे तेही पाहा. चेहरा आणि गळा, म्हणजे समोरची बाजू. शेपटीचा लाल उडताना झळकतो. बसलेला मेल्बा पाठमोरा झाला की उरतो हिरवट-राखाडी गोळा, आणि माणसाची चाहूल लागलेला पक्षी पाठ फिरवूनच पळतो. पोटावरच्या रेघांचं कामही असंच. बाभळीखाली ऊन-सावलीची जी जाळी पडते, तिच्यात रेघांचं पोट मिसळून जातं. पक्षी कुठे संपतो आणि गवत कुठे सुरू होतं ते डोळ्याला ठरवता येत नाही.

बाभूळ हा शब्द मी सवयीने वापरला नाही. आपल्या शेताच्या बांधावरची बाभूळ आणि आफ्रिकेतल्या अनेक भागांतली बाभूळ ही खरोखर एकच जात आहे. बोरीचा एक भाऊबंदही तिथे आहे. त्याच्या आकड्यासारख्या काट्यांमुळे दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांनी त्याला जे नाव दिलंय त्याचा अर्थ "जरा थांब" असा होतो. बोरं काढताना बाही अडकलेल्या कुणालाही ते पटेल. आणि आपल्याकडचा शिक्रा तिथेही आहे. शिक्रा झडप घालतो तेव्हा १५ ग्रॅमच्या जिवाला काट्यांच्या जाळीइतकं भक्कम घर दुसरं नाही. मेल्बा मोठ्या थव्याने फिरत नाही. एकटा किंवा जोडीने असतो. थव्यात पन्नास डोळे पहारा देतात, जोडीला चारच. म्हणून काट्यांपासून दोन उड्यांवर राहायचं, हा त्याचा नेम.

लपायचंच आहे, तर भडक रंग कशाला?

ही शंका मला शाळकरी मुलांपासून निवृत्त प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांनी विचारली आहे.

रंग शत्रूसाठी नसतो, तो जवळच्यांसाठी असतो. झुडपाच्या आत, हातभर अंतरावर बसलेल्या मादीला तो चेहरा स्वच्छ दिसतो. तिचे डोळे त्याच अंधाराला सरावलेले असतात. शिवाय पक्ष्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी चार प्रकारच्या असतात, आपल्या तीनच. अतिनील किरणही त्यांना दिसतात. आपल्याला जो नुसता लाल वाटतो, तो तिला कसा दिसत असेल याची आपल्याला कल्पनाही करता येत नाही.

आणि हा लाल रंग फुकट मिळत नाही. पक्षी तो शरीरात शून्यातून बनवू शकत नाही. खाण्यातून पिवळी रंगद्रव्यं येतात आणि मुनियांच्या कुळात शरीरातलं एक विकर (एन्झाइम) त्यांचं लाल रंगद्रव्यात रूपांतर करतं. हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा लाल रंग उतरतो ना, तसंच काहीसं. रसायन वेगळं, पण पिवळ्यातून लाल काढायची युक्ती तीच. यामागचा जनुक २०१६ मध्ये झेब्रा फिंच आणि कॅनरी या पक्ष्यांत सापडला. झेब्रा फिंचही मुनियांच्याच कुळातला. ज्याचं खाणंपिणं आणि तब्येत नीट, त्याचं कुंकू गडद, असं अनेक अभ्यासक मानतात. थोडक्यात, तो चेहरा जवळून वाचायचं पत्र आहे. आपण ते रस्त्याच्या पलीकडून वाचू पाहतो.

मग पाहायचा कुठे? पाण्यावर

कोरड्या बिया खाणाऱ्याला पाणी लागतंच. कोरड्या महिन्यांत लाजरा पक्षीही पाण्यासाठी उघड्यावर येतो, आणि आपले बहुतेक पर्यटक नेमके याच महिन्यांत तिथे असतात.

मी पहिला मेल्बा उत्तर केनियात, सांबुरूला पाहिला. दोन दिवस गाडीतून फिरून काही हाती लागलं नव्हतं. राखीव जंगलात गाडीतून उतरायची परवानगी नसते, आणि गाडी कितीही हळू नेली तरी झुडपातला पक्षी तिच्या आधी निघून जातो. तिसऱ्या दिवशी आमचा गाईड म्हणाला, "मामा, पोले पोले." स्वाहिलीत बाईमाणसाला मानाने मामा म्हणतात, आणि पोले पोले म्हणजे हळूहळू. त्याने मला तंबूंच्या मागे नेलं. तिथे सिमेंटची टाकी होती, तिचा नळ गळत होता आणि खाली ताटाएवढं डबकं साचलं होतं. तो म्हणाला, इथे बसा आणि हात हलवू नका.

आधी फायरफिंच आले, विटकरी रंगाचे, माणसांना सरावलेले. मग कॉर्डन-ब्ल्यूंची पाच-सहा जणांची टोळी आली, धुतलेल्या आकाशासारखी निळी. जांभळ्या पोटाचा ग्रेनेडियर येऊन गेला. पाऊण तास झाला. समोरच्या झुडपाखालचा काळा पट्टा मी इतका वेळ पाहत होते की डोळा त्याला सरावला. आता आतल्या काड्या, पालापाचोळा, वाळवीची माती वेगवेगळी दिसायला लागली. माजघरात थोडा वेळ उभं राहिलं की हंडा दिसतो, तसंच. आणि त्या मातीशी काहीतरी उडी मारून थांबलं.

तो उडत आला नाही. टुणटुण उड्या मारत, दर दोन उड्यांना थांबत, डबक्याच्या काठाशी आला. चेहरा ओल्या कुंकवासारखा. चोच पाण्यात बुडवली, मान वर केली, आणि चोचीच्या टोकाला एक थेंब क्षणभर लटकून राहिला. पोटाच्या रेघा पाण्यात हलताना दिसत होत्या. मागे, अर्धवट सावलीत, राखाडी डोक्याची मादी थांबली होती. त्याचं पिऊन झाल्यावर ती पुढे आली. सगळं मिळून दहा सेकंदही नसतील. मग दोघं आली तशीच उड्या मारत काट्यांत शिरली, आणि तो पट्टा पुन्हा काळा झाला.

म्हणून माझा पहिला सल्ला: फिरू नका, बसा. गळका नळ, भांडी धुवायची जागा, गाईगुरांच्या पाण्याचा हौद, काहीही चालेल. तुमच्या मुक्कामाच्या आवारात चालायची परवानगी असते आणि पाणीही असतं. सफारीला निघायच्या आधीचा आणि जेवणानंतरचा तास तिथे घालवा. अंगात मातकट कपडे घाला आणि नजर पाण्यावर नको, पाण्याच्या सगळ्यांत जवळच्या झुडपाच्या बुंध्याशी ठेवा.

कानाने शोधता येईल का? येईल, पण सावध

पावसानंतर गवत बी धरतं आणि मेल्बाची वीण सुरू होते. तेव्हा पाणी जागोजागी असतं, त्यामुळे हौदाची युक्ती चालत नाही. पण आता तो गातो. एरवीचा आवाज म्हणजे तुटक, हलका "विक्". गाणं लागलं की त्या "विक्"नंतर पाण्याच्या थेंबांसारखे स्वर, मध्ये घसरत जाणारी शीळ, पुन्हा थेंब.

समजा, असं गाणं ऐकू आलं. दुर्बीण वर केली तर झाडाच्या शेंड्यावर, उघड्या काडीवर, एक पक्षी बसलाय. पण तो मेल्बा नाही. काळी पाठ, मानेवर सोनेरी पट्टा आणि अंगाच्या दुपटीहून लांब काळी शेपूट. हा पॅरडाइज व्हायडा, आणि तो गातोय मेल्बाचंच गाणं. लाजरा पक्षी झुडपात लपतो आणि त्याची नक्कल करणारा सगळ्या रानाला दिसेल असा शेंड्यावर बसतो.

व्हायडाच्या प्रजातीचं लॅटिन नाव विदुआ, म्हणजे विधवा. आपला विधवा शब्द आणि तो लॅटिन शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. लांब काळ्या शेपटीवरून युरोपातल्या लोकांना शोकवस्त्र आठवलं, असं सांगतात.

व्हायडा स्वतः घरटं बांधत नाही. मादी मेल्बाच्या घरट्यात अंडं घालते आणि पिलू मेल्बाची जोडी वाढवते. अशा पक्ष्याला ब्रूड पॅरासाइट म्हणतात. इथे मी त्याला उपरा म्हणेन. कोकिळा आणि कावळ्याची गोष्ट आपल्याला पाठ आहे, पण इथे फरक मोठा आहे. कावळ्याच्या घरट्यात वाढलेला कोकीळ कावकाव करत नाही. व्हायडा मात्र पालकांची भाषा शिकतो.

आजोळी वाढलेल्या मुलाचं उदाहरण घ्या. जिभेवर आजोळचीच बोली बसते. मोठेपणी तो त्याच बोलीत बोलतो आणि तीच बोली ऐकत वाढलेली मुलगी त्याच्याकडे ओढली जाते. पुढे त्यांची मुलंही त्याच आजोळी वाढतात. व्हायडाचा नर पिलू असताना पालक मेल्बाचं गाणं मनात साठवतो आणि शेंड्यावर बसून तेच गातो. मादीही मेल्बाच्या घरट्यात वाढलेली, त्यामुळे ते गाणं तिला आपलं वाटतं. आणि अंडं कुठे घालायचं हेही तिला त्याच ओळखीवरून कळतं.

पिलांची युक्ती याहून नाजूक आहे. मुनियांच्या कुळात प्रत्येक जातीच्या पिलाच्या तोंडात, टाळ्यावर, ठरावीक ठिपके आणि रंग असतात. पिलाने तोंड उघडलं की आई-बापांना दारातली ओळखीची रांगोळी दिसते, आणि घास तिथे पडतो. उपऱ्यांच्या पिलांच्या तोंडातली रांगोळी ज्याच्या त्याच्या पालकांच्या पिलांशी मिळतीजुळती असते. व्हायडाचं पिलू युरोपातल्या कुकूच्या पिलासारखं घरमालकाची अंडी-पिलं बाहेर ढकलत नाही. त्यांच्यासोबतच वाढतं. पण घास वाटले जातातच.

तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे शेंड्यावरचा व्हायडा मेल्बाचं गाणं गात असेल, तर मेल्बाची वीण त्याच रानात चालू असण्याची शक्यता बरीच आहे. आणि कोण गातंय ते ओळखायचं असेल तर थोडा वेळ ऐकत राहा. व्हायडाच्या गाण्यात मधूनच खरखरीत, चिडल्यासारखी बडबड येते. ती त्याची स्वतःची. मेल्बाच्या गाण्यात ती नसते. आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप वापरत असाल तरी निव्वळ त्याच्या भरवशावर यादीत मेल्बाची खूण करू नका. या रानात आवाज आणि मालक एकच असतील असं नाही.

हे ठरवलं कसं? पक्षी शिकतो की जन्मतःच जाणतो?

या उपऱ्यांची गाण्याची नक्कल १९६४ मध्ये युर्गन निकोलाय या जर्मन शास्त्रज्ञाने सविस्तर मांडली. पण नक्कल ऐकली म्हणजे ती शिकलेली आहे हे सिद्ध होत नाही. ते सिद्ध केलं अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या रॉबर्ट पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी.

त्यांनी व्हायडाचा चुलतभाऊ, व्हिलेज इंडिगोबर्ड, निवडला. रानात तो फायरफिंचच्या घरट्यात वाढतो. पेन यांनी पिंजऱ्यात त्याची पिलं फायरफिंचऐवजी बेंगलीज फिंचकडून वाढवून घेतली. मोठे झाल्यावर नर बेंगलीज फिंचचं गाणं गाऊ लागले. माद्यांनाही तेच गाणं आवडलं, आणि त्यांनी अंडी बेंगलीज फिंचच्या घरट्यात घातली. हे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. बेंगलीज फिंच म्हणजे पांढऱ्या पाठीच्या मुनियेची पूर्व आशियात माणसाळवलेली जात. तीच मुनिया आपल्या कोकणात आणि गोव्यात मोकळी फिरते. आफ्रिकेतल्या उपऱ्याने आपल्याकडच्या मुनियेच्या कुळाचं गाणं उचललं, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

याचा परिणाम फार दूरवर जातो. नवी जात तयार व्हायला सहसा डोंगर, समुद्र किंवा नदी आड यावी लागते. इथे एका मादीने चुकून दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घातलं की पुढच्या पिढीची बोली बदलली, जोडीदार बदलले, वाट वेगळी झाली. इंडिगोबर्डांच्या जाती अशाच फुटत गेल्याचे जनुकीय पुरावे २००३ मध्ये पुढे आले. तोंडातली रांगोळी जुळली नाही तर असं पिलू उपाशी मरणार नाही का? बरीच मरत असतील. पण एखादं जगलं तरी नव्या वाटेची सुरुवात होते.

फोनवर आवाज लावून बोलावलं तर?

नको. वीण चालू असलेल्या नराला तो आवाज म्हणजे घरात शिरलेला परका. तो चारा सोडून, अंडी सोडून, तुमच्या फोनशी भांडायला येतो. १५ ग्रॅमच्या अंगात शिल्लक फारशी नसते. दिवसाला दहा गाड्या आल्या आणि दहाही जणांनी आवाज लावला, तर त्या जोडीचा विणीचा हंगाम वाया जाऊ शकतो. अनेक राखीव जंगलांत यावर बंदी आहे. नसली तरी लावू नका.

म्हणजे तो दुर्मिळ आहे का?

नाही. दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे. जगभरच्या धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीत तो सध्या चिंतेच्या गटात नाही. पिंजऱ्यासाठी मात्र हे रंगीत जीव आफ्रिकेतून पकडून नेले जात. युरोपीय संघाने जंगली पक्ष्यांची आयात २००५ मध्ये थांबवली आणि २००७ मध्ये ती बंदी कायम केली. आपल्या लाल मुनियेच्या वाट्यालाही हेच आलं. तिच्या अमांडावा या शास्त्रीय नावात अहमदाबाद दडलंय, कारण त्या बाजूने ती पिंजऱ्यांतून बाहेर जायची.

पुढच्या खेपेला मी सांबुरूला पावसानंतर गेले. शेंड्यावर व्हायडा गात होता, शेपूट वाऱ्यावर एका बाजूला वळली होती. सगळ्यांच्या दुर्बिणी त्याच्यावर होत्या. गाईडने माझ्या कोपराला हलकेच स्पर्श केला आणि खाली बोट दाखवलं. मधल्या फांदीवर चिमणीसारखी तपकिरी, रेघारेघांची व्हायडाची मादी बसली होती, अगदी गप्प. ती नराकडे पाहत नव्हती. समोरच्या एका झुडपाकडे टक लावून बसली होती. मी दुर्बीण तिकडे वळवली. लाल चेहऱ्याचा मेल्बा चोचीत गवताची लांब काडी धरून काट्यांत शिरत होता. काडी एका काट्याला अडकली, त्याने मागे येऊन ती सोडवली आणि पुन्हा आत गेला. ड्रायव्हरने इंजिन चालू न करता गाडी उतारावरून हळूच मागे सोडली.